अँग्री "ऑन" की अँग्री "विथ"? भावनेच्या विशेषणांपुढचं प्रिपोझिशन

निळी_शाई

इंग्रजीत राग, भीती, आनंद, कंटाळा सांगणारं विशेषण आलं की पुढचं प्रिपोझिशन हमखास घसरतं. माध्यमिकच्या मुलांच्या वह्यांत आणि ऑफिसच्या मेलमध्ये सारखी दिसणारी वाक्यं खाली देतो. विषय लिहायचा म्हणून इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच लिहितो, सगळ्यांनी तसंच लिहिलं तर वाचायला बरं पडेल.

१. माय फादर इज अँग्री ऑन मी.
२. आय ॲम हॅपी फॉर माय प्रमोशन.
३. शी इज अफ्रेड फ्रॉम लिझर्ड्स.
४. वी आर डिसअपॉइंटेड ऑन युवर सर्व्हिस.
५. आय ॲम बोअर्ड ऑफ धिस जॉब.
६. ही इज जेलस ऑन मी.
७. आय ॲम एक्सायटेड फॉर द ट्रिप.
८. ही इज प्राउड ऑफ दॅट हिज डॉटर वन.
९. द क्लार्क वॉज रूड विथ मी.
१०. व्हॉट आर यू वरीड?

यातली बहुतेक चूक आहेत हे कळतं, पण मुलांना कारण काय सांगायचं? "पाठ करा" म्हटलं की पन्नास जोड्यांची यादी होते आणि आठवड्यात विसरली जाते. दुसरं म्हणजे ५ आणि ७ नंबरची वाक्यं इंग्रज-अमेरिकन माणसांच्या तोंडूनही ऐकू येतात. मग ती चूक म्हणायची का? स्पर्धा परीक्षेत काय लिहायचं?

तळटीप

सगळीकडे लागू पडेल असा एकच नियम नाही, पण नुसती घोकंपट्टीही नाही. आधी आपल्या चुका येतात कुठून ते बघा, म्हणजे अर्धी यादी आपोआप गळते.

मराठीत भावना हे बहुतेक वेळा नाम असतं आणि ते आपल्याकडे चालत येतं: मला भीती वाटते, मला राग आला, मला कंटाळा आलाय. इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि भावना त्याचं विशेषण. त्यामुळे आपल्या नामाला किंवा क्रियापदाला चिकटलेला प्रत्यय आपण उचलतो आणि इंग्रजी विशेषणापुढे नेऊन ठेवतो. कोणता प्रत्यय नेला तर चालतो आणि कोणता नाही, एवढं कळलं तरी बरंच काम होतं.

"वर". रागावणं, चिडणं, जळणं, खूश असणं, नाराज असणं, सगळं आपण कुणावर तरी करतो. म्हणून अँग्री ऑन, जेलस ऑन, हॅपी ऑन. इथे सरळ लाल रेघ मारा. भावनेच्या विशेषणापुढे "ऑन" घेणारा रोजच्या वापरातला शब्द एकच, कीन: "शी इज कीन ऑन क्रिकेट." ब्रिटिश बोलीत मॅड ऑनही चालतं, पण विद्यार्थ्याला कीन पुरे. "हॅव अ क्रश ऑन" बरोबर आहे, मात्र तिथे क्रश हे नाम आहे. तुमची १, ४ आणि ६ नंबरची वाक्यं या एकाच रेघेत गेली.

"ला". पालीला घाबरते, नोकरीला कंटाळला, गोंगाटाला वैतागला. म्हणून अफ्रेड टू, बोअर्ड टू. हेही चूक. "बोअर्ड टू टिअर्स" ऐकलं असेल, तर तिथला "टू" कंटाळा किती ते सांगतो, कशाचा ते नाही. "टू" आणि त्यापुढे नाम घेणारे शब्द भावनेपेक्षा वागणूक किंवा कल दाखवणारे असतात: काइंड टू, रूड टू, पोलाइट टू, क्रुएल टू, इनडिफरंट टू, ॲट्रॅक्टेड टू, डिव्होटेड टू. तुमचं ९ नंबरचं वाक्य इथलं. आपण माझ्याशी उद्धटपणे वागला म्हणतो आणि "शी"चं थेट "विथ" करतो. "रूड टू मी" हवं. याच "शी"मुळे "मॅरीड विथ" होतं, तिथेही "टू".

"चा-ची-चं". हा आपल्या फायद्याचा गट आहे. भीती कशाची, लाज कशाची, अभिमान कशाचा, हेवा कुणाचा, कंटाळा कशाचा, वीट कशाचा, संशय कुणाचा, आवड कशाची. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला "ऑफ" आहे: अफ्रेड ऑफ, अशेम्ड ऑफ, प्राउड ऑफ, एन्व्हियस ऑफ, टायर्ड ऑफ, सिक ऑफ, सस्पिशस ऑफ, फाँड ऑफ. मुलांना सांगा की मराठीत "पालीला घाबरते" म्हणू नका, मनात "पालीची भीती वाटते" म्हणा आणि "ची"चा "ऑफ" करा. ३ नंबरचं वाक्य असं सुटतं. हिंदीतला "से" डोक्यात असेल तर "अफ्रेड फ्रॉम" येतं.

हा पूल काही ठिकाणी कोसळतो, आणि ती ठिकाणं पाठच करावी लागतात. राग, काळजी, आनंद, आश्चर्य, दुःख, कीव. आपण त्याचा राग, तिची काळजी, निकालाचा आनंद म्हणतो, पण अँग्री ऑफ, वरीड ऑफ, हॅपी ऑफ कोणी म्हणत नाही. पन्नासच्या जागी पाठांतर सहा शब्दांवर आलं.

"त". गणितात रस, इंटरेस्टेड इन मॅथ्स. एकास एक. प्रेम मात्र फसवं: आपण कुणाच्या प्रेमात पडतो, इंग्रजीत "इन" प्रेमाच्या आधी येतो आणि माणसाच्या आधी "विथ". इन लव्ह विथ हर.

अर्धविराम

तळटीप यांच्या सहा शब्दांचं पुढे काय करायचं ते लिहितो, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. या शब्दांना एक ठरावीक प्रिपोझिशन नसतं. पुढे माणूस आहे, वस्तू-घटना आहे की कृती, त्यावर ते बदलतं.

अँग्री घ्या. यात तीन जागा आहेत. माणसासाठी विथ, घटनेसाठी अबाउट, आणि त्या माणसाने केलेल्या कृतीसाठी फॉर, पुढे आयएनजी रूप.

"शी वॉज अँग्री विथ द ड्रायव्हर."
"शी वॉज अँग्री अबाउट द डिले."
"शी वॉज अँग्री विथ द ड्रायव्हर फॉर लीव्हिंग अर्ली."

पहिली आणि दुसरी जागा एका वाक्यात भरता येते: "अँग्री विथ द मॅनेजर अबाउट द बिल." ॲट दोन्हीकडे चालतं, माणूस असो वा घटना. अमेरिकेत माणसासाठी ॲट सर्रास आहे, आणि त्यात राग त्या माणसाच्या अंगावर गेल्याची छटा जास्त आहे. उलटं मात्र खटकतं: "अँग्री विथ द ट्रॅफिक" म्हटलं की ट्रॅफिकला माणूस केल्यासारखं वाटतं.

अँग्री जमलं की त्याच साच्यात ॲनॉइड, फ्युरियस, अपसेट आणि ब्रिटिश क्रॉस फुकटात मिळतात: माणसाला विथ, गोष्टीला अबाउट. मॅडचा मामला वेगळा. अमेरिकेत "मॅड ॲट मी" म्हणजे माझ्यावर चिडलेला, आणि "मॅड अबाउट मी" म्हणजे बहुधा माझ्यावर फिदा. एका प्रिपोझिशनने भांडणाचं लग्न होतं, तेव्हा जपून.

आनंदाच्या शब्दांत तीन प्रिपोझिशनं तीन वेगळे अर्थ देतात:

विथ म्हणजे हाती आलेली गोष्ट अपेक्षेच्या मापात बसली. "हॅपी विथ द फ्लॅट", "प्लीज्ड विथ युवर वर्क", "सॅटिस्फाइड विथ द रिझल्ट."
अबाउट म्हणजे बातमी, घटना. "हॅपी अबाउट माय प्रमोशन."
फॉर म्हणजे दुसऱ्याच्या सुखात सुख. "हॅपी फॉर यू", "प्लीज्ड फॉर हर."

फॉरपुढे ज्याचं भलं झालं तो येतो. म्हणून "हॅपी फॉर माय प्रमोशन" म्हटलं तर प्रमोशनचंच काहीतरी भलं झालं आणि आपल्याला त्याचं बरं वाटलं, असा विचित्र अर्थ निघतो. हाच "फॉर" इतर भावनांतही तसाच चालतो. "अफ्रेड ऑफ हिम" म्हणजे त्याची भीती, "अफ्रेड फॉर हिम" म्हणजे त्याचं काही बरंवाईट होईल ही भीती. "एम्बॅरस्ड फॉर हिम" म्हणजे चूक त्याची, मान आपली खाली. "वरीड फॉर हिज सेफ्टी" यातलंच.

डिसअपॉइंटेड जरा बारकाईने बघा, कारण तक्रारीच्या मेलमध्ये हाच शब्द लागतो. सेवा, माल, निकाल यांच्या दर्जाबद्दल बोलायचं तर विथ: "डिसअपॉइंटेड विथ युवर सर्व्हिस." इन बहुतेकदा माणसाला लागतो आणि फार आत लागतो: "आय ॲम डिसअपॉइंटेड इन यू" म्हणजे तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. शिक्षकाने किंवा आईने म्हणायचं वाक्य ते. दुकानदाराला लिहिलं तर हास्यास्पद होतं. घटनेसाठी ॲट किंवा अबाउट: "डिसअपॉइंटेड ॲट द डिसिजन." बाय कुठेही चालून जातं.

कृतज्ञतेला दोन जागा आणि दोन्हींची प्रिपोझिशनं ठरलेली: "ग्रेटफुल टू यू फॉर युवर हेल्प." माणसाला टू, मदतीला फॉर. ग्रेटफुल विथ वगैरे नाही.

निळी_शाई

दोघांचे आभार. "ची"चा "ऑफ" हे वर्गात लगेच वापरता येईल. दोन शंका उरल्या. सरप्राइज्ड ॲट की बाय? आणि बोअर्ड ऑफ, एक्सायटेड फॉर यांचा निकाल कोणी लावलेला नाही.

काटेकोर

सरप्राइज्ड, शॉक्ड, फ्रायटन्ड, बोअर्ड, एक्सायटेड, डिलायटेड, फॅसिनेटेड. हे सगळे शब्द मुळात क्रियापदाची ईडी रूपं आहेत, त्यामुळे त्यांच्यात थोडा पॅसिव्ह व्हॉइस शिल्लक आहे. म्हणून त्यांना बाय चालतो. अफ्रेड, प्राउड, फाँड, अँग्री यांच्यामागे असं चालतं-बोलतं क्रियापद नाही, म्हणून "अफ्रेड बाय", "प्राउड बाय" होत नाही.

कसोटी अशी: वाक्य उलटवून बघा. "द नॉइज फ्रायटन्ड मी" म्हणता येतं, म्हणून "आय वॉज फ्रायटन्ड बाय द नॉइज". काहीतरी त्या क्षणी घडलं आणि त्याने मला घाबरवलं. आता "शी इज फ्रायटन्ड ऑफ डॉग्ज". इथे आत्ता कुठल्याही कुत्र्याने काही केलेलं नाही, भीती कायमची आहे. त्यामुळे ऑफ. स्केअर्ड आणि टेरिफाइड यांचंही असंच. एका वाक्यात दोन्ही बसवून फळ्यावर लिहा: "शी वॉज फ्रायटन्ड बाय अ डॉग लास्ट इयर, सो नाऊ शी इज फ्रायटन्ड ऑफ ऑल डॉग्ज." मुलांना दुसरं स्पष्टीकरण लागत नाही.

सरप्राइज्ड, शॉक्ड, अमेझ्ड, ॲस्टॉनिश्ड: ॲट आणि बाय दोन्ही बरोबर, आणि बहुतेक वाक्यांत एकाऐवजी दुसरं टाकलं तरी काही बिघडत नाही. बायमध्ये धक्का देणारी गोष्ट पुढे येते, ॲटमध्ये आपली प्रतिक्रिया. एका ठिकाणी ॲटच बरं: स्वतःबद्दल किंवा कुणाच्या वागण्याबद्दल नापसंती असेल तेव्हा. "आय ॲम सरप्राइज्ड ॲट यू!" म्हणजे तू असं करशील वाटलं नव्हतं. इथे बाय घातला तर तो अचानक समोर आला असा अर्थ होतो.

आता बोअर्ड. प्रमाण वापर विथ किंवा बाय. ऑफ हा तुलनेने नवा, बोलीतला, पण ब्रिटनमध्ये तरुण मंडळींत अगदी रुळलेला. टायर्ड ऑफ, सिक ऑफ शेजारी बसलेले असताना बोअर्डलाही ऑफ लागावा हे साहजिकच आहे. फेड अप ऑफचं तेच, प्रमाण रूप फेड अप विथ. शब्दकोश आता बोअर्ड ऑफची नोंद घेतात, पण औपचारिक लिखाणात टाळा असं सुचवतात. म्हणून: गप्पांत चालेल, अर्जात आणि परीक्षेत विथ.

एक्सायटेड अबाउट सगळीकडे बिनधोक. ॲट बहुधा "द प्रॉस्पेक्ट ऑफ" किंवा "द थॉट ऑफ" याच्या आधी येतो. एक्सायटेड फॉर द ट्रिप अमेरिकेतून आलं आणि आता सगळीकडे पसरलं. कान त्याला सरावलेत, तरी लेखी उत्तरात अबाउट लिहा. "एक्सायटेड फॉर यू" मात्र पूर्णपणे शुद्ध आहे, ते अर्धविराम यांनी सांगितलेल्या "फॉर"मधलं.

परीक्षेबद्दल माझं मत थोडं कडू आहे. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नांत जुनं पाठ्यपुस्तकी विभाजन गृहीत धरतात: माणसाला अँग्री विथ, वस्तूला अँग्री ॲट. प्रत्यक्ष वापरात "अँग्री ॲट हिम" चूक नाही. पण गुण उत्तरतालिकेप्रमाणे मिळतात, तिथे वाद घालून उपयोग नाही. पर्यायांत विथ आणि ॲट दोन्ही असतील आणि पुढे माणूस असेल तर विथवर खूण करा.

जाता जाता टायर्ड. टायर्ड ऑफ वॉकिंग म्हणजे चालण्याचा कंटाळा, टायर्ड फ्रॉम वॉकिंग म्हणजे चालून पाय दुखले. आपल्याकडे दोन्हीसाठी ऑफ लिहितात.

पानवेल

प्रिपोझिशन बरोबर आलं तरी त्याच्या पुढे काय ठेवलं यात गुण जातात. तुमची ८ आणि १० नंबरची वाक्यं त्यातली.

प्रिपोझिशनपुढे नाम, सर्वनाम किंवा आयएनजी रूप. "इंटरेस्टेड इन टू लर्न", "अफ्रेड ऑफ टू गो" ही जोडगोळी आपल्याकडे फार दिसते. इन आला की लर्निंग, ऑफ आला की गोइंग. टू आणि क्रियापद हवंच असेल तर प्रिपोझिशन काढून टाका: "अफ्रेड टू गो."

मात्र अफ्रेड टू आणि अफ्रेड ऑफ यांत फरक आहे. भीतीमुळे जे करायला आपण धजत नाही त्याला टू. जे आपल्या हातात नाही, घडून बसेल असं वाटतं, त्याला ऑफ. "आय वॉज अफ्रेड टू गो निअर द एज बिकॉज आय वॉज अफ्रेड ऑफ फॉलिंग." कड्याजवळ जायचं की नाही हे मी ठरवतो, पडायचं मी ठरवत नाही. इथे "अफ्रेड टू फॉल" लिहिलं तर पडायचं होतं पण धीर झाला नाही असं काहीतरी निघतं. इंटरेस्टेडलाही टू लागतो, पण हिअर, नो, सी, रीड अशा माहिती मिळवण्याच्या क्रियापदांपुरताच: "आय वुड बी इंटरेस्टेड टू हिअर युवर व्ह्यूज." कोर्सला प्रवेश घ्यायचा असेल तर "इंटरेस्टेड इन जॉइनिंग."

दॅटपासून सुरू होणारं उपवाक्य प्रिपोझिशनपुढे थेट येत नाही. तीन वाटा आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे ऑफ उडवा: "ही इज प्राउड दॅट हिज डॉटर वन." दुसरी, मध्ये द फॅक्ट घाला: "प्राउड ऑफ द फॅक्ट दॅट..." व्याकरण शुद्ध, वाक्य जड. तिसरी: "प्राउड ऑफ हिज डॉटर फॉर विनिंग." पहिलीच शिकवा. व्हॉट, हाऊ, व्हेदर मात्र प्रिपोझिशनपुढे चालतात: "सरप्राइज्ड ॲट हाऊ क्विकली शी लर्न्ट", "वरीड अबाउट व्हेदर द ट्रेन विल बी ऑन टाइम". इथे "वरीड अबाउट इफ" लिहू नका.

१० नंबरमध्ये प्रिपोझिशन गळालंय. मराठीत प्रत्यय प्रश्नशब्दालाच चिकटून पुढे येतो (कशाची, कुणावर), त्यामुळे वाक्याच्या शेवटी काही शिल्लक राहत नाही. इंग्रजीत व्हॉट पुढे जातं आणि अबाउट मागे राहतं: "व्हॉट आर यू वरीड अबाउट?" "हू आर यू अँग्री विथ?" "देअर इज नथिंग टू बी अफ्रेड ऑफ." "द टीचर आय वॉज सो स्केअर्ड ऑफ." तपासायची युक्ती अशी की आधी उत्तराचं पूर्ण वाक्य लिहा, "आय ॲम वरीड अबाउट द एक्झाम". त्यातलं द एक्झाम खोडा, व्हॉट पुढे न्या, बाकीचं जिथल्या तिथे ठेवा. शेवटी प्रिपोझिशन येऊ नये असा एक जुना समज अजून कुठे कुठे शिकवतात, तो सोडून द्या. "अबाउट व्हॉट आर यू वरीड?" असं कोणी बोलत नाही.

तळटीप

एक खड्डा राहिला. विशेषणाचं प्रिपोझिशन त्याच्या नामाला लागेलच असं नाही. प्राउड ऑफ, पण टेक प्राइड इन, आणि क्रियापद केलं तर प्राइड वनसेल्फ ऑन. फाँड ऑफ, पण फाँडनेस फॉर. प्रिपोझिशन तेच राहणारेही आहेत, इंटरेस्टेड इन आणि इंटरेस्ट इन. क्रियापदांना बऱ्याचदा काहीच लागत नाही: आय एन्व्ही यू, शी फिअर्स डॉग्ज, ही मॅरीड हर. म्हणून वहीत नुसतं प्राइड-प्राउड असं लिहू नये, पूर्ण तुकडा लिहावा.

शब्दकोशात हे बघायचं कसं, तेही मुलांना दाखवा. साध्या इंग्रजी-मराठी कोशात फक्त अर्थ असतो. लर्नर्स डिक्शनरी उघडा, ऑक्सफर्डची इंटरनेटवर फुकट आहे. नोंदीत उदाहरणाच्या आधी ठळक अक्षरांत साचा दिलेला असतो: प्रिपोझिशन आणि पुढे समबडी किंवा समथिंग. अर्थाआधी तो साचा वाचायचा. समबडी असेल तर माणूस, समथिंग असेल तर वस्तू-घटना, डूइंग असेल तर कृती. अर्धविराम यांनी सांगितलेल्या तीन जागा तिथे छापूनच दिलेल्या असतात.

दोन प्रिपोझिशनांमधलं जास्त रुळलेलं कोणतं ते बघायचं असेल तर गूगलच्या एनग्रॅम व्ह्यूअरमध्ये "बोअर्ड विथ", "बोअर्ड ऑफ" स्वल्पविरामाने तोडून रोमन लिपीत टाका, वर्षागणिक आलेख येतो. खाली अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीचे संच वेगळे निवडता येतात. विशेषण लिहून, जागा सोडून तारांकन टाकलं तर त्यापुढे सर्वाधिक येणारे दहा शब्द मिळतात. त्यात अँड, बट वगैरे भरती असते, ती सोडून द्यायची. एक लक्षात ठेवा, हा साठा छापील पुस्तकांचा आहे, त्यामुळे बोलीतले नवे वापर त्यात उशिरा उमटतात.

निळी_शाई

सगळ्यांची उत्तरं घेऊन दहा वाक्यं अशी केली: अँग्री विथ मी. हॅपी अबाउट माय प्रमोशन. अफ्रेड ऑफ लिझर्ड्स. डिसअपॉइंटेड विथ युवर सर्व्हिस. बोअर्ड विथ धिस जॉब. जेलस ऑफ मी. एक्सायटेड अबाउट द ट्रिप. प्राउड दॅट हिज डॉटर वन. रूड टू मी. व्हॉट आर यू वरीड अबाउट?

एक राहिलं. सॉरी. कुणाचे वडील गेले तर "आय ॲम सॉरी फॉर युवर फादर" असं मेलमध्ये लिहिलेलं पाहिलंय.

अर्धविराम

दहाही बरोबर.

सॉरी फॉरपुढे माणूस आला की कीव येते. "आय फील सॉरी फॉर हिम" म्हणजे बिचारा. त्यामुळे शोकसंदेशात "सॉरी फॉर युवर फादर" नको, भाव चांगला असला तरी शब्द भलतंच बोलतात. लिहायचं असं: "आय ॲम सो सॉरी टू हिअर अबाउट युवर फादर." किंवा ठरलेला शब्दप्रयोग, "आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस." लॉस हा माणूस नाही, म्हणून तिथे फॉर चालतो.

माफी मागताना कृतीला फॉर आणि आयएनजी: "सॉरी फॉर कॉलिंग सो लेट." परिस्थितीला अबाउट: "सॉरी अबाउट द नॉइज." आधी झालेल्यासाठी टू लावायचा असेल तर हॅव घ्या: "सॉरी टू हॅव केप्ट यू वेटिंग." नुसतं "सॉरी टू डिस्टर्ब यू" हे आत्ता, दार ठोठावताना. डिस्टर्ब करून निघताना "सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू."

काटेकोर

"सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स"बद्दल कोणी विचारण्याआधीच: बरोबर आहे. फक्त त्याच्या पुढे "कॉज्ड टू यू" जोडायची गरज नसते. जोडायचंच असेल तर टू काढा आणि "द इनकन्व्हिनियन्स धिस हॅज कॉज्ड यू" लिहा.